गिलाव्याआधीचा निकाल

मी एक जुना ग्रिल आहे, मित्रांनो. खिडकीला बसवतात ते ग्रिल नव्हे हं! त्यातून वारा येतो, माझ्यातून आच येते. मी खानावळीतला, गॅसवर चालणारा, पाच बर्नरांचा गडी. माझ्या पाठीवर बीडाच्या जाड सळ्या आहेत. त्यांवर कोंबडी, मासे, कणसे, ढोबळी मिरची, पावाचे काप, जे ठेवाल ते मी भाजून देतो. चार माणसे लावल्याशिवाय मी जागचा हलत नाही. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की लोक रुमाल काढून बसतात. तुम्ही तो खिशातच ठेवा. माझी गोष्ट रडगाणे नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या एका अबोल वेल्डरने माझे कोपरे जोडले. काम संपल्यावर त्याने हातोडीने माझ्या अंगावर टकटक केली, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाला, "ठणठणीत आहे." मला मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्र.

तिथून मी आलो तो ताईच्या खानावळीत. ताई तेव्हा तिशीची होती. ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून खानावळ काढली होती. तो बाजार करायचा, गिऱ्हाईक सांभाळायचा. ती माझ्यापुढे उभी राहायची. ताईला घड्याळ लागत नसे. ती माझ्या सळ्यांवर वीतभर उंचीवर तळहात धरायची आणि आकडे मोजायची. चार म्हणायच्या आत हात मागे घ्यावा लागला, की कोंबडी टाकायची. सात मोजून झाले, की भाज्या. चुकली असे मी कधी पाहिले नाही.

आम्ही नाव कमावले. लांबच्या गाड्यांचे चालक वाट वाकडी करून आमच्याकडे जेवायला थांबत. एकदा एका चालकाने कोंबडीचा पहिला घास घेतला, ताट उचलले आणि सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, हे कोणाच्या हातचं आहे?" ताईने चिमटा माझ्याकडे रोखला. त्या दिवशी माझी आच बहुधा जरा मोठीच झाली असेल.

पण गर्दी वाढली, तशी माझी आबाळही वाढली. सळ्या रोज घासल्या जात, कारण त्या दिसत. खालचे बर्नर दिसत नसत. चरबीचे थेंब पडून त्यांची छिद्रे बुजत गेली. डावीकडचे दोन बर्नर निळ्याऐवजी पिवळे जळू लागले. काजळी धरू लागली. डावा कोपरा थंडच राहायचा. मग तिथे कोणी कोंबडी ठेवीना. उकडलेले बटाटे गरम राहावेत म्हणून ठेवत. ज्याच्यासाठी वाट वाकडी करून लोक यायचे, तो मी आता अर्धा ग्रिल आणि अर्धा मांडणीचा फळा झालो होतो. सगळे म्हणत, "म्हातारा झाला बिचारा." म्हातारा कसला? माझे नाक चोंदले होते!

अशातच मोठी बातमी आली. नव्या रुग्णालयाचे जेवणघर चालवायचे काम ताईला मिळाले. दुपारी एक ते दोन, या एका तासात दोनशे ताटे. परिचारिका, वॉर्डातले कामगार, रुग्णांचे नातलग, सगळे एकदम येणार. उशीर झाला तर कोणाची तरी जेवणाची सुट्टी उपाशीच संपणार.

तिथले स्वयंपाकघर अजून नुसत्या विटांचे होते. जोडकाम करणारा मिस्त्री ताईकडे आला आणि म्हणाला, "बाई, शनिवारी गवंडी गिलावा करणार. भिंतीत गॅसचा पाइप घालू की जाड वायर, ते शुक्रवारपर्यंत सांगा. एकदा गिलावा झाला की मी काही भिंत फोडायचा नाही."

त्या दिवसापासून बहीणभावांत जुंपली.

"विजेचा घेऊ," भाऊ म्हणाला. "आकडा लावला की तेवढीच आच. सिलेंडर बदलणं नाही, ज्योत नाही, काजळी नाही."

"आणि तापायला किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"वीस मिनिटांत मी वीस ताटं देते. ज्योत डोळ्यांना दिसली पाहिजे बाबा. झाकल्या आचेवर माझा भरवसा नाही."

"सगळ्या जगाचा आहे!"

"मग जगाला सांग दोनशे ताटं काढायला."

या भांडणात एक माणूस गप्प होते. धाकट्याची बायको, म्हणजे ताईची भावजय. स्वयंपाकघरातले सगळे तिला वहिनी म्हणत. आठ वर्षे ती चिरत होती, धूत होती, ताटे वाढत होती. माझ्यापुढे उभे राहायची तिची फार इच्छा होती. दोनदा तिने विचारलेही होते. "वन्सं, आज मी भाजू का?" ताई म्हणायची, "आधी कांदा तरी सारखा चिर." कांदा तर ती केव्हापासून सारखाच चिरत होती.

अखेर असे ठरले की बुधवारी दुपारी खानावळीतच परीक्षा घ्यायची. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दुकानातून चार दिवसांसाठी मागून आणलेली विजेची ग्रिल. चकचकीत, बारीक, अंगावर एक लाल दिवा. मी तिला मनातल्या मनात 'नवी' म्हणू लागलो. माझ्यापुढे ताई. नवीपुढे कोण? दुसरे माणूसच नव्हते. ताईने भावजयीकडे पाहिले आणि नाइलाजाने म्हणाली, "उभी राहा."

मी हरलो असतो तर कुठे गेलो असतो, हे मला ठाऊक होते. भंगारवाला येऊन मला वाकून, ठोकून पाहूनही गेला होता. त्याची ठोकणी वेल्डरसारखी नव्हती.

पण परीक्षेच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, खानावळीला सुट्टी असते, त्या दिवशी एक अजब गोष्ट घडली. धाकटा एकटाच आला. बाह्या दुमडल्या. माझा गॅस बंद केला, सळ्या उचलल्या, बर्नर सुटे केले आणि सोड्याच्या कढत पाण्यात बुडवले. मग जमिनीवर फतकल मारून, हातात बारीक तार घेऊन, एकेक छिद्र मोकळे करू लागला. मला हाकलून द्यायला निघालेला माणूस माझी सेवा करत होता!

ताई काही आणायला म्हणून आली ती दारातच थबकली.

"अरे, हे काय करतोयस?"

"उद्या हा हरला तर तू म्हणशील, त्याचं नाक चोंदलं होतं म्हणून हरला. मला ते ऐकायचं नाही."

ताई हसली. तिने पदर खोचला आणि तारेचा ब्रश घेऊन सळ्या घासायला बसली. पूर्ण दुपार दोघे माझ्याशी झटत होते. शेवटी त्याने गॅस सुरू करून सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहिले. कुठेच फुगा आला नाही, म्हणजे गळती नव्हती. मग त्याने मला पेटवले. मित्रांनो, पाचही बर्नर निळे! कितीतरी वर्षांनी मी पूर्ण श्वास घेतला.

बुधवारी मिस्त्रीही मुद्दाम पाहायला आला. पहिली फेरी माशांची होती. खरे सांगतो, ती मी हरलो. दोन मासे माझ्या सळ्यांना चिकटले आणि शेपटीपाशी फाटले. नवीवरचे मासे मात्र एकसारखे, अखंड, कडेपासून कडेपर्यंत सोनेरी. भावजयीने ते इतक्या हलक्या हाताने उलटले की तेलही उडाले नाही. ताईने एक तुकडा तोडला, चाखला आणि मोठ्याने म्हणाली, "मासा हिच्याकडचाच चांगला."

मग कोंबडीची तासाभराची फेरी आली आणि गर्दी उसळली. थंड तुकडे पडले की नवीची आच खाली जाई, लाल दिवा लागे, आणि भावजय बिचारी चिमटा धरून वाट पाही. माझे तसे नव्हते. ताईने बटण पिळले की मी लगेच हजर. एक खेप उतरली की दुसरी, दुसरी की तिसरी. डाव्या कोपऱ्यातसुद्धा कोंबडी चरचरत होती! तासाच्या शेवटी धाकट्याने ताटे मोजली. नवीची एकसष्ट. माझी चौऱ्याण्णव!

मिस्त्रीने टाळी वाजवली. "म्हाताऱ्याने धुव्वा उडवला की!"

ताईने विजयाने मान वर केली. आणि पुढच्याच क्षणी तिने भिंतीला हात लावला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती हळूच खाली, बटाट्याच्या पोत्यावर बसली. भावजयीने धावत जाऊन पाणी आणले.

धाकटा भिंतीपाशी गेला. ताईच्या जागेमागे त्याने सकाळीच एक तापमापक टांगला होता. तसाच एक नवीच्या बाजूला.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. "तिकडे चौतीस."

"कसलं सत्तेचाळीस?"

"तू उभी असतेस तिथली हवा. महिनाभरात तिसऱ्यांदा बसलीस अशी. विचारलं असतं तर खोटं सांगितलं असतंस, म्हणून मोजलं."

ताई म्हणाली, "म्हणजे तुला मला घरी बसवायचंय."

"घरी बसवायचं असतं तर मी गप्प राहिलो असतो, ताई. तू आपोआप बसली असतीस. मला तुला उभी ठेवायचीय."

मी अजून निळा जळत होतो आणि मला पहिल्यांदा माझ्या आचेची लाज वाटली. इतकी वर्षे मी तिला नाव मिळवून दिले, पण माझी अर्धी आच ताटाला आणि अर्धी तिलाच लागत होती. धाकट्याने पुढे होऊन माझे बटण बारीक केले.

ताई पाणी प्यायली. तिने समोरच्या अखंड माशांकडे पाहिले. मग तिने भावजयीला हाक मारली.

"इकडे ये. याच्यावर हात धर. वीतभर वर. आता मोज."

"वन्सं, मी?"

"तूच. किती झाले?"

"चार... पाच... सहा..."

"घाई करू नकोस. तो सांगतो आपल्याला."

भावजयीने हात मागे घेतला तो नेमका सातावर. ताईने मिस्त्रीकडे वळून सांगितले, "पाइपही घाल आणि वायरही. गॅसचा ग्रिल बाहेरच्या भिंतीला, वर मोठं धुराडं. आणि त्या भिंतीत एक खिडकी पाहिजे."

"खिडकी नकाशात नाही, बाई."

"मग नकाशात काढ. शनिवारला अजून तीन दिवस आहेत."

मिस्त्रीने डोके खाजवले आणि कानामागची पेन्सिल काढली. "खिडकी ग्रिलच्या बाजूला ठेवतो. वारा ज्योतीवर यायला नको, माणसावर यायला हवा." मग तो भिंतीवरच रेघा मारून दाखवू लागला.

शनिवारी गिलावा झाला. भिंतीत पाइप होता, वायर होती आणि खिडकीची चौकट होती. पुढच्या महिन्यात मला चौघांनी उचलले. भंगाराच्या गाडीत नव्हे, रुग्णालयाच्या नव्या स्वयंपाकघरात! माझ्यापुढे भावजय उभी राहिली, हात धरून आकडे मोजत. मासे आणि भाज्या नवीकडे, आणि नवीपुढे स्वतः ताई. जिच्यावर तिचा भरवसा नव्हता, तिचे बटण ती आता मायेने फिरवत होती. "वेळेवर तापत जा गं, माझी बाई," असे तिच्याशी बोलतही होती.

पहिल्या दिवशी सुरुवातीच्या खेपा आधीच भाजून तयार होत्या; एकचा ठोका पडला आणि दार उघडले. पांढऱ्या गणवेशांची रांग थेट जिन्यापर्यंत गेली. मी चरचरलो, फुसफुसलो, धूर सगळा वर धुराड्यात गेला. खिडकीतून येणारा वारा भावजयीच्या कपाळावरचा घाम टिपत होता. दोनला सात मिनिटे कमी असताना धाकटा ओरडत आला, "दोनशे बारा! एकही माणूस उपाशी गेलं नाही!" स्वयंपाकघरात असा जल्लोष झाला की वरच्या मजल्यावरून कोणीतरी शांत राहायला सांगून गेले.

तेवढ्यात एक वयस्कर परिचारिका रिकामे ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आली. "कोंबडी कोणी भाजली हो?"

भावजयीने सवयीने ताईकडे पाहिले. ताई मासा उलटता उलटता म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? सांग की, मी भाजली म्हणून."

आणि भावजयीने ताठ उभे राहून सांगितले.

मित्रांनो, गॅस बरा की वीज बरी, असा वाद तुमच्याही घरी कधी होईल. तो खुशाल घाला, पण आधी काय भाजायचे आहे, किती जणांसाठी आणि त्यापुढे कोण उभे राहणार आहे, ते पाहा. आमच्यासारख्यांना म्हातारे म्हणून टाकून देण्याआधी एक सुट्टीची दुपार आमच्यासाठी काढा; दिसत नाही तिथेही हात घाला. आणि जे माणूस वर्षानुवर्षे तुमच्यासाठी आचेपुढे उभे आहे, त्याच्या जागी जाऊन एकदा स्वतः उभे राहून पाहा. गिलावा होण्याआधीच भिंतीत खिडकी ठेवणे सोपे असते.