चोवीस तासांचं माप

मी शिंपीण. माणूस दुकानाची पायरी चढला की त्याच्या खांद्याचं माप आधी माझ्या डोळ्यांत येतं, टेप मग लागते. तीस वर्षं हेच करतेय, आणि माझ्या हातचा कपडा उसवायला परत आल्याचं मला आठवत नाही. म्हणूनच घरातल्या माणसाचं माप चुकलं हे मला अजून पचत नाही.

आमचे हे फरशीला पॉलिश करायचे. लोकांच्या खोल्या चकाचक करता करता दगडाची धूळ यांच्या छातीत जाऊन बसली, ती काही आता निघत नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र घरी न्यायला लावलं. गुडघ्याच्या वर येणारी, चाकं असलेली पेटी. हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढते आणि नळीतून नाकात सोडते. डॉक्टरांनी बजावलं होतं, चोवीस तास म्हणजे चोवीस तास. नळी सात मीटरची. मी टेपने मोजून पाहिलं होतं, पलंगापासून संडास पाच, स्वयंपाकाचा ओटा साडेसहा. म्हटलं, झालं, एवढ्यात यांचं जग बसतंय.

बसत नव्हती ती फक्त लाईट. आमच्याकडे लाईट रोज चार-पाच तास जाते, आणि कधी जाईल त्याला काही धरबंध नाही. इन्व्हर्टरची बॅटरी दोन तास यंत्र ओढते. ती संपली की यंत्र कोकलायला लागतं, मग कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर पलंगाशी ओढायचा, चावी फिरवायची, नळी बदलायची. रात्री हे दोनदा, कधी तीनदा. सकाळी दुकानात शिवण वाकडी जायची आणि मी गिऱ्हाइकावर डाफरायची.

तेरा महिने झाले आणि यांच्या पायांवर सूज आली. डॉक्टरांनी तपासलं, यांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाले की चोवीस तास ऑक्सिजन घेऊनही हृदयावर ताण येतोय, म्हणजे आता आपल्या हातात फारसं काही नाही. मी बाहेर येऊन यांना सांगितलं, गोळ्या बदलल्यात. ते वाक्य घेऊन मी महिनाभर घरात, दुकानात, रस्त्यात वावरले. कात्री हातात धरली की ते वाक्य. वरण उतू गेलं तरी ते वाक्य. शेवटी ठरवलं, छातीचं मला काही करता येत नाही, पण विजेपायी यांचा एकही श्वास चुकू द्यायचा नाही. गच्चीवर सोलर बसवायचं. माणूस हातचा चाललाय आणि ही बाई गच्ची सजवतेय, असं शेजारीपाजारी म्हणाले असतील. म्हणोत बापडे.

पहिल्या सोलरवाल्याने फोनवरच सांगितलं, तीन किलोवॉट घ्या, सगळे तेवढंच घेतात. घर न बघता. वर त्यात बॅटरीच नव्हती. लाईट गेली की तेही बंद पडणार होतं. मग मला ते काय लोणचं घालायला हवं होतं? मी फोन ठेवला.

दुसरी स्वतः आली. तिशीची मुलगी, पायात बूट, कमरेला टेप. मी मनात तिचं नाव मापवाली ठेवलं. ती आधी गच्चीवर गेली, पाण्याच्या टाकीची सावली कुठल्या वेळेला कुठवर येते ते माझ्याच खडूने आखून आली. खाली येऊन कागद काढला आणि घरात काय काय चालतं, किती तास चालतं ते विचारायला लागली. पंखे, फ्रिज, दिवे. यंत्रापाशी आल्यावर मी ठणकावून सांगितलं, चोवीस तास. तिने वर्षभराची बिलं मागितली, एकेक पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

"ताई, हे यंत्र एकटंच महिन्याला अडीचशे युनिट खातं," ती म्हणाली. "तुमच्या अख्ख्या घराचं बिल दोनशे चाळीस युनिटांचं आहे. मग यात यंत्र कुठे आहे?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, मीटर हळू चालत असेल, तुझं गणित कच्चं असेल. बिलं मी दर महिन्याला भरत होते, पण मी फक्त खालचा आकडा बघायची. युनिटांकडे कधी नजरच गेली नव्हती. ती वाद घालत बसली नाही. वाकली आणि यंत्राच्या मागच्या बाजूला बघायला लागली. तिथे बोटभर खिडकी आहे, तिच्यात यंत्र आजवर किती तास चाललं त्याचा आकडा असतो. चौदा महिने मी त्या पेटीवरची धूळ पुसतेय, पण ती खिडकी मला माहीत नव्हती.

सहा हजार पाचशे चाळीस.

कापायच्या कागदावर मी गुणाकार केला. दहा हजारांच्या वर हवे होते. सिलिंडरवर गेले असतील फार तर हजार. बाकीचे अडीच हजार तास कुठे गेले?

हे पलंगावर नळी लावून बसले होते आणि भिंतीकडे बघत होते. गुन्हा कबूल करायला यांना तोंड लागत नाही, मान पुरते.

"तू दुकानात गेलीस की बंद करतो," हे म्हणाले. "तू यायच्या आधी लावतो."

का, ते हळूहळू बाहेर आलं. एका वाक्यात तीनदा दम घेत. रात्री बॅटरी संपली की मला उठावं लागायचं. दिवसा हे नुसते बसून असतात, बसल्याबसल्या कसंबसं निभतं. म्हणून दिवसा बॅटरी वाचवायची, रात्रीसाठी भरलेली ठेवायची. बॅटरीला विश्रांती दिली की ती जास्त टिकते, असं यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मापवालीने मान खाली घातली होती. तिने हळूच सांगितलं, "काका, लाईट असते तेव्हा यंत्र थेट लाईटवर चालतं. बॅटरीला धक्काही लागत नाही."

"म्हणजे लाईट असताना चालवलं असतं, तरी रात्रीची बॅटरी तेवढीच राहिली असती?"

"हो."

यांनी नाकातली नळी नीट केली, जी नीटच होती. "मग मी उगाच..." हे म्हणाले.

मापवाली शहाणी. पुन्हा माप घ्यायचंय म्हणून गच्चीवर निघून गेली. मी यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. महिनाभर मी ज्या वाक्याखाली चिरडले होते, ते वाक्य चोवीस तासांवर उभं होतं आणि ते चोवीस तास कधी झालेच नव्हते. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तासांचा आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले की छाती सुधारणार नाही, त्या भ्रमात राहू नका, पण पूर्ण चोवीस तास द्या, हृदयावरचा ताण उतरू शकतो, दोन महिन्यांनी बघू.

दोन महिन्यांनी बघू. महिनाभरात कुणी मला एवढ्या लांबचं काही सांगितलं नव्हतं.

मापवाली खाली आली आणि तिने विचारलं, मग यंत्राचे तास किती लिहू? हे म्हणाले, चौदा लिही, छोटंच बसव. तिने समजावलं की पॅनलला पंचवीस वर्षांची हमी असते, कमी बसवलं तर मागून जोडताना त्रास होतो.

"पंचवीस वर्षं," हे म्हणाले. "त्यातली मला किती लागणार?"

मी म्हटलं, "लागतील तेवढी तुम्ही वापरा, उरलेली मी वापरेन. लिही गं, चोवीस."

सामान यायला तीन आठवडे लागले. दरवाज्याच्या चौकटीवर मी रोज सकाळी निघताना खिडकीतला आकडा खडूने लिहायची आणि संध्याकाळी आल्यावर वजाबाकी करायची. नवऱ्याची अशी हजेरी घेणं शोभतं का? नाही शोभत. तरी घेतली. रोज रात्री यांच्या घोट्यांभोवती टेप लावायची. सुरुवातीला साडेअकरा इंच. मग सव्वाअकरा. गच्चीवर सहा पॅनल आणि जिन्याखाली दोन मोठ्या बॅटऱ्या बसल्या त्या आठवड्यात अकरा. त्या दिवशी मी टेप गळ्यात टाकूनच बाजारात गेले आणि ते मला परत येईपर्यंत कळलं नाही.

फोनवर आता सोलरने दिवसभरात केलेले युनिट दिसायचे. यांना तो नवा छंद लागला. साडेबारा झाले, बारा झाले, असे दुकानात फोन यायचे. लाईट जायची आणि घराला पत्ता नसायचा. सिलिंडर मी परत करून टाकला. त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

मग समोरचं घर पाडायला घेतलं. चार दिवस धुरळा. बारा युनिटांचे दहा झाले, दहाचे साडेआठ. मापवाली म्हणालीच होती, धूळ बसली की वीज कमी होते, फडक्याने पुसत जा. मी यांना सांगितलं, रविवारी पुसते, जीव खाऊ नका.

शुक्रवारी दुपारी दुकानातली लाईट गेली. मशिन थांबलं. बाजूचे दुकानदार कपाळाला हात लावून बाहेर बसले, आणि मी मात्र मिजाशीत घराकडे निघाले. म्हटलं, आपल्या घरी पंखा चालू असेल, दोन घास खाऊ, यांच्याशी बोलत बसू.

दारातच यंत्राचा आवाज आला. छान वाटलं. आत गेले तर यंत्र चालू होतं, पंखा चालू होता, आणि नळी पलंगावर पडली होती. तिच्या टोकातून हवा येत होती आणि चादरीचा एक धागा हलत होता. हे नव्हते.

संडास पाहिला, ओटा पाहिला. मग जिन्याचं दार उघडं दिसलं.

गच्चीवर दुसऱ्या रांगेच्या टोकाला, पॅनलच्या सावलीत, हे खांबाला टेकून बसले होते. हातात ओलं फडकं. ओठ निळे. पाच पॅनल लखलखीत होते आणि सहावा अर्धा. डोळ्यांनी मला ओळखलं, पण शब्द फुटत नव्हता. खाली न्यावं तर चौदा पायऱ्या आणि माझ्या एकटीचे हात. सिलिंडर मीच मिजाशीत परत केलेला. त्या क्षणी मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा यांचाही आला नव्हता.

मी खाली धावले. कपाटात जादाची नळी होती, सात मीटर, आणि दोन नळ्या जोडायचा तुकडा. तीस वर्षं सुईत दोरा ओवलाय, तुकडा पहिल्याच खेपेला बसला. यंत्र वायर पुरेल तिथवर जिन्याच्या तोंडाशी ढकललं आणि टोक घेऊन वर धावले. सात आणि सात चौदा. जिना खाऊन गेला. टोक यांच्या नाकापासून हातभर लांब राहिलं.

हातभर. जन्मभर मी बायाबापड्यांना सांगत आले, कापड थोडं जास्तच आणा.

मी यांच्या काखेत हात घातले आणि ओढलं. फडकं सुटेना यांच्या हातातून, फडक्यासकट ओढलं. शर्ट खांद्यात टरकला, मीच शिवलेला. नळी नाकात बसली. मी यांच्या पाठीशी बसले, छातीवर हात ठेवला आणि श्वास मोजत राहिले, पहिल्यांदा नुसते उथळ, तुटके. मग एक पुरा. मग आणखी एक. सगळ्या गल्लीची लाईट गेलेली होती आणि खाली आमचं यंत्र चालत होतं.

बऱ्याच वेळाने ओठांचा रंग फिरला.

"धूळ बसली होती," हे म्हणाले. "रात्री कमी पडली असती. तुला उठावं लागलं असतं."

मी शिव्या घातल्या. मला येत होत्या तेवढ्या सगळ्या. हे ऐकत राहिले आणि नळी दोन बोटांनी धरून राहिले, निसटू नये म्हणून. तशी यांनी ती आजवर कधी धरली नव्हती.

संध्याकाळी एकेक पायरी टेकत यांना खाली आणल्यावर मी चौकटीपाशी खडू घेऊन उभी राहिले. खिडकीतला आकडा सकाळपासून एका मिनिटानेही चुकलेला नव्हता. नळी नाकात असो नसो, यंत्र दिवसभर चाललंच होतं.

पलंगावरून हे म्हणाले, "वीस मिनिटं कमी लिही."

मी लिहिली. यांनी पाय पुढे केला आणि मी टेप काढली.