बदकाच्या ठशाचा पाव

मित्रांनो, मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस बहुधा हसतो. मी एक जुना लाकडी ठसा आहे, मुठीत मावेल एवढा. माझ्या तळाशी दोन अक्षरं उलटी कोरली आहेत, म्हणजे कणकेवर ती सुलटी उठतात. वर धरायला एक पक्षी आहे. मला कोरणारा दोनातो मेंढपाळ होता आणि त्याला कोंबडा करायचा होता. तुरा कोरताना चाकू घसरला, चोच चपटी झाली आणि कोंबड्याचं बदक झालं.

माझं लाकूड ऑलिव्हचं. हे झाड फार सावकाश वाढतं, त्यामुळे लाकूड दाट आणि जड असतं. मला पाण्यात टाकलंत तर मी जेमतेम तरंगेन. दोनातोने एका हिवाळ्यात मेंढ्या राखता राखता मला कोरलं आणि फिलोमेनाला नेऊन दिलं. आमच्या मातेरात, इटलीच्या दक्षिणेतल्या गावात, मेंढपाळ मुलगे लग्नाआधी मुलीला असा ठसा देत. तिने ठेवून घेतला की होकार समजायचा.

"हे काय, बदक?" फिलोमेनाने विचारलं.

"कोंबडा आहे."

"बरं बाई, कोंबडा," ती म्हणाली आणि तिने मला खिशात टाकलं. लग्न ठरलं.

त्यांचं घर म्हणजे दरीच्या कड्यात कोरलेली एक खोली. अशा चार घरांना मिळून एक अंगण होतं आणि अंगणात पावसाच्या पाण्याचं एक टाकं. पाव मात्र कोणी घरी भाजत नसे. भट्टी साऱ्या वस्तीची एकच. आठवड्यातून एकदा पहाटे भट्टीवाल्याचा माणूस शीळ घालत येई आणि बायका आंबवलेल्या कणकेचे मोठाले गोळे त्याच्या फळीवर ठेवत. भट्टीत एका वेळी साठ पाव जात. भाजून निघाल्यावर कोणता कोणाचा हे कळायला हवं, आणि ते सांगणं हे माझं काम. फिलोमेना मला कोरड्या पिठात बुडवी आणि गोळ्यावर दाबे, बोटाच्या पहिल्या पेराएवढं. कमी दाबलं तर कणीक फुगताना अक्षरं मिटून जात. जास्त दाबलं तर पाव तिथेच चिरे.

पाव बाहेर आले की भट्टीवाला अक्षरं बघे, पण सगळ्यांचे ठसे त्याला पाठ असल्याने पुकारा मुठीवरच्या आकाराचा करी. "किल्ली! चंद्र! बदक!" बदक म्हटलं की रांगेत हशा पिकायचा. मग फिलोमेनाचा छोटा कोझिमो पुढे धावायचा आणि तीन किलोंचा गरम पाव फडक्यात गुंडाळून डोक्यावर घेऊन यायचा. मित्रांनो, एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

कोझिमो सात वर्षांचा असताना शरद ऋतूत दोनातोला ताप आला आणि तो गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पिठाचं पोतं रिकामं झालं. फिलोमेनाने ते झटकून, उलटं करून, घडी घालून ठेवलं. त्याच संध्याकाळी शेजारची नऊ वर्षांची पोर्त्सिया दारात आली.

"काकू, आईने तुमचा ठसा मागितलाय. आमचा कुठे पडलाय देव जाणे."

फिलोमेनाने मला दिलं. मी शेजारी गेलो आणि बघतो तर काय, त्यांचा किल्लीचा ठसा परातीच्या शेजारीच पडलेला! पोर्त्सियाच्या आईने दोन गोळे केले. एकावर किल्ली दाबली, दुसऱ्यावर मला. दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्याने "बदक!" असा पुकारा केला. फिलोमेना क्षणभर जागची हलली नाही. मग पुढे झाली आणि पाव घेऊन घरी आली. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या घरच्या लोहाराच्या बायकोचा ठसा हरवला. त्याच्या पुढच्या आठवड्यात चौथ्या घरचा. तो सारा हिवाळा मी घरोघरी फिरत होतो. कोणाचे हात गरम, कोणाचे थंड. लोहाराच्या बायकोचा हात जड, तिचा पाव हमखास चिरायचा. पण याबद्दल अंगणात कोणी एक शब्द काढला नाही.

शब्द काढला तो एका पोराने. खेळताना भांडण झालं आणि लोहाराचा मुलगा म्हणाला, "आमच्या पिठावर जगतोस आणि वर माझ्यावरच ओरडतोस?" कोझिमो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर बदकाचा पुकारा झाला की तो धावत पुढे जात नसे.

दोन-तीन वर्षांनी सरकारने ती वस्ती रिकामी केली आणि सगळ्यांना वर माळावर नवी घरं दिली. चांगली होती ती घरं. प्रत्येक खोलीला खिडकी होती. फिलोमेना पहिल्या दिवशी नळ सोडून नुसती पाण्याकडे बघत राहिली. पण चार शेजारी चार रस्त्यांवर विखुरले. पाव दुकानातून येऊ लागला आणि माझं काम संपलं. वर्तमानपत्रं आमच्या जुन्या घरांना देशाची लाज म्हणत होती. नव्या शाळेत कोझिमो सांगायचा, मी दुसऱ्या गावाहून आलोय. मोठा होऊन तो नळकाम करू लागला. आई गेल्यावर त्याने मला हत्यारांच्या खणात टाकलं, वायसर आणि स्क्रूंच्या सोबतीला. दरीकडे तो पुन्हा कधी उतरला नाही. मातेरात राहून, चालत वीस मिनिटांवर असूनही!

खणात मला ऊन नव्हतं, पाणी नव्हतं, पण हातही नव्हता. लाकूड सुकत गेलं आणि माझ्या मानेला बारीक चीर पडली.

मला बाहेर काढलं कोझिमोच्या मुलीने, लोरेदानाने. ती पेचकस शोधत होती. तिने मला उलटसुलट पाहिलं, आधी हसली, मग तीन संध्याकाळी ऑलिव्हचं तेल चोळत बसली. चीर बुजली नाही, पण वाढायची थांबली. लोरेदाना गाइड आहे. आता दरीतली ती घरं दुरुस्त झाली आहेत. काहींत पाहुणे राहतात, काहींत जेवणाच्या खोल्या आहेत, आणि जगभरातून माणसं ती बघायला येतात. लोरेदाना त्यांना रोज संध्याकाळी पायी फिरवते. तिने वडिलांना न विचारता मला पिशवीत टाकलं.

मित्रांनो, त्या संध्याकाळी माझ्या फार आवडीच्या. सूर्य पलीकडच्या कड्यामागे जातो आणि खाली एकेका घरात दिवा लागतो. चुनखडीच्या भिंती दिवसभर तापलेल्या असतात, त्या अंधार पडल्यावरही तासभर ऊब सोडत राहतात. लोक नकळत त्यांना टेकून उभे राहतात. आमच्या जुन्या अंगणात आलं की लोरेदाना मला बाहेर काढते. मी या हातातून त्या हातात जातो. पोर्त्सिया, तीच, तेव्हा ऐंशीला टेकलेली, संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून वाल सोलत बसलेली असायची. तिच्या माहेरच्या घरात तिचा मुलगा पाहुणे ठेवतो. लोरेदाना तिला हात करायची, ती मान हलवायची, बस.

आठ वर्षं असं चाललं. मग एक दिवस कोझिमोला वायसर हवा होता आणि त्याने खण उघडला.

"ठसा कुठे गेला?" जेवताना त्याने विचारलं.

लोरेदानाने काटा खाली ठेवला. "माझ्या पिशवीत आहे, बाबा. संध्याकाळी लोकांना दाखवते."

"लोकांना? आपली उपासमार दाखवतेस? तिकीट लावून?"

"ठसा दाखवते. उपासमारीबद्दल तुम्ही कधी काही सांगितलंत का मला?"

"उद्याच्या उद्या तो खणात हवा."

"एकदा येऊन बघा. एकदाच. मग नको म्हणालात तर खणात ठेवते आणि कुलूप लावते."

"मी त्या दरीत उतरणार नाही."

"का, गुडघे दुखतात?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय माझ्या!"

"मग सहा वाजता चौकात. बूट चांगले घाला, पायऱ्या गुळगुळीत झाल्यात."

मी पिशवीत ऐकत होतो. खण की हात, माझा निकाल आता त्या एका संध्याकाळवर होता.

ऑक्टोबर होता. बारा पाहुणे होते आणि तेरावा, टोपी कपाळावर ओढून सगळ्यांच्या मागे उभा, कोझिमो. लोरेदानाने ओळख दाखवली नाही. पायऱ्या उतरताना तो प्रत्येक वळणावर थांबत होता. इतर लोक समोरचे दिवे बघत होते. तो दारं बघत होता.

"अशा एका खोलीत नऊ माणसं आणि एक खेचर राहायचं," लोरेदाना म्हणाली.

"गाढव," मागून आवाज आला.

"काही म्हणालात, काका?"

"खेचर श्रीमंतांकडे. आमच्याकडे गाढव होतं. आणि माणसं पाच."

लोक हसले. पाहुण्यांतले एक शाळामास्तर वही काढून त्याच्या बाजूला सरकले. पुढच्या वळणावर कोझिमोने टाकं किती खोल होतं यातली तिची चूक काढली, त्याच्या पुढच्या वळणावर भट्टीचं दार कुठे होतं यातली.

"काका, गाइड कोण आहे इथे?" लोरेदानाने विचारलं.

"तूच आहेस. म्हणून तर नीट सांग."

अंगणात मला पिशवीतून बाहेर काढलं गेलं. हातोहात फिरत मी तोरिनो शहराहून आलेल्या एका बाईंकडे आलो. बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी मला गालाला लावलं आणि त्या म्हणाल्या, "अरेरे, बिचारी गरीब माणसं! पण स्वाभिमानी असणार. आपला पाव आपल्या ठशाचा."

कोझिमोने टोपी काढली. "स्वाभिमानी? लोरेदाना, सांगायचंच तर सगळं सांग. या ठशाचा पाव एक अख्खा हिवाळा दुसऱ्यांच्या पिठाचा होता. आम्ही भीक खाल्ली. आणि माझ्या आईला रांगेत उभं राहून तो घ्यावा लागला, सगळ्यांदेखत. हे दाखव लोकांना!"

लोरेदानाचा चेहरा उतरला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती मला परत घ्यायला पुढे आली, आणि मला कळलं की मी खणात चाललो.

"भीक?" खुर्चीतून आवाज आला. पोर्त्सियाने वालाचं भांडं खाली ठेवलं. "कोझिमो, गाढवा, अजून तसाच आहेस."

कोझिमो तिच्याकडे वळला. "पोर्त्सिया?"

"नाहीतर कोण? तुमचा ठसा मागायला कोण यायचं? मीच. आता ऐक. त्याच्या दोन वर्षं आधी माझे बाबा खाणीत पडले आणि पाठ मोडून चार महिने झोपून होते. तेव्हा आमच्याकडे पीठ नव्हतं. तुझी आई आमचा किल्लीचा ठसा मागून न्यायची. म्हणायची, आमच्या बदकाची मान सैल झालीय. माझी आई रांगेत जाऊन पाव घ्यायची आणि भट्टीवाल्याला ऐटीत म्हणायची, आज जरा जास्त भाजलायस. तुझ्या आईच्या पिठाचा पाव!"

हे मला ठाऊक होतं, मित्रांनो. त्या वेळी मी फळीवर होतो. फिलोमेनाच्या हातात किल्लीचा ठसा बघून मला हेवाही वाटला होता.

"मग आईने मला का नाही सांगितलं?" कोझिमोचा आवाज अगदी लहान झाला होता.

"तुला सांगितलं असतं तर तू भांडणात मला ऐकवलं असतंस, त्या लोहाराच्या पोराने तुला ऐकवलं तसं. आपल्या अंगणात दिलेलं बोलायचं नाही, असं ठरलेलं होतं. मोठ्यांनी पाळलं."

"आणि आता तू बोललीस."

"आता माझे आईबाबा नाहीत, तुझी आई नाही, भट्टी नाही. पाळणारी मी एकटीच उरले होते. आणि तू सत्तर वर्षं हे असलं डोक्यात घेऊन फिरतोयस, हे कुठे माहीत होतं मला? वर यायला मला गुडघे नाहीत, खाली यायला तुला लाज."

कोणीतरी हसलं, कोझिमोही हसला, मग त्याने टोपीने डोळे पुसले. तो तोरिनोच्या बाईंकडे गेला. त्याने मला त्यांच्या हातातून घेतलं, अंगठ्याने माझी चीर चाचपली आणि पुन्हा त्यांच्याच हातात ठेवलं.

"बिचारी नाही," तो म्हणाला. "फिलोमेना. तिचं नाव फिलोमेना. मास्तर, लिहून घ्या."

मास्तरांनी लिहून घेतलं. लोरेदाना खणाचं काही न विचारता पुढे चालू लागली, कारण कोझिमोनेच मला लोकांच्या हातात परत ठेवलं होतं. कोझिमो मात्र पुढे गेला नाही. तो पोर्त्सियाच्या शेजारी पायरीवर बसला आणि वाल सोलू लागला.

आता आठवड्यातून दोनदा तो आमच्यासोबत येतो. चुका काढतोच.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या खणातही माझ्यासारखं काहीतरी पडलेलं असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, हातात घ्या. लाकूड माणसांच्या हातांच्या तेलावर टिकतं, काचेच्या कपाटात ते नुसतं सुकतं. पण एवढंच करून थांबू नका. मला सगळं ठाऊक होतं आणि तरी मी कोझिमोला एक अक्षर सांगू शकलो नाही, कारण वस्तूला तोंड नसतं. ज्यांना तोंड आहे त्यांच्याकडे जा. शेजारी बसा, हातात काही काम घ्या आणि विचारा.

त्या ऑक्टोबरनंतरच्या मार्चमध्ये पोर्त्सिया गेली. कोझिमोने पाच महिने उशीर केला असता, तर आजही त्याने तो पाव भिकेचाच मानला असता.