कुलरची खोली

अकोल्याचा मे महिना ज्याने काढला नाही, त्याला ही गोष्ट खोटी वाटेल. किशोर गावंड्याच्या घरात कुलर एकच, आणि तो एकवीस उन्हाळे माणसांसाठी नव्हे, गिटारींसाठी चालला.

किशोर जाझ वाजवणारा. ऐन उमेदीत मुंबईच्या हॉटेलांत वाजवलं आणि परतला तो अकरा गिटारी आणि चार जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. ते लटांबर मागच्या खोलीत गारव्याला, आणि बायको रागिणी पुढच्या खोलीत पंख्याखाली भाजत. कुलरच्या टाकीत पाणी भरायचं मात्र रागिणीनेच, रोज चार बादल्या.

"उनानं लाकूड तडकते," तो म्हणायचा. "मानसाचं काय, घाम पुसला की झालं."

सात वर्षांपूर्वी तिचे वडील खुशालराव भातकुलीहून डोळा दाखवायला आले आणि तिसऱ्या दिवशी तापाने फणफणले. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. रागिणी म्हणाली, "आज एक दिवस कुलर बाबापाशी लावा."

"एका दिवसात माही चौदा वर्साची मेहनत जाईन," किशोर म्हणाला.

संध्याकाळी म्हातारा ऊन लागून गेला. डॉक्टरने वयाला दोष दिला.

रागिणीने ते गिळलं, कारण तिच्यापाशी एक आधार होता. वस्तू लाखमोलाच्या आहेत. बाबा गेले ते निदान मोलाच्या गोष्टीपायी. म्हणूनच यंदा अमरावतीच्या एका संगीतशाळेने हा संग्रह मागितला, तेव्हा किशोरपेक्षा तीच जास्त हरखली. आता चार जाणती माणसं ते मोल बोलून दाखवणार होती.

पाहणीला शाळेने मोईजला पाठवलं. त्याच्या घरात तीन पिढ्या वाद्यं दुरुस्त करतात. त्याने एकेक गिटार उचलली, मानेवर डोळा लावून पाहिली, पोटावर बोटाने टकटक केली. सातव्या गिटारीनंतर टकटक करायचीही सोडून दिली. अ‍ॅम्प्लिफायर उघडले तर आत गंज.

"किशोरभाऊ, याइले पानी कोनं पाजलं?"

"पानी कायचं? कुलर लावतो मी. एकवीस वर्सं, एक दिवस खंड नाई."

"त्यानंच खाल्लं. दिवसभर लाकूड ओलं होऊन फुगते, रातले सुकते. जोडाचा सरेस सुटला, माना वाकल्या. पेटीत बंद ठेवल्या असत्या तं टिकल्या असत्या. आता भिंतीवर टांगाच्या कामाच्या."

तारा बोटांना जड जातात, हे किशोरला पाच वर्षं कळत होतं. तो बिचारा आपल्या वयाला शिव्या देत होता. आता तो हुंदके देऊन रडू लागला. सासऱ्याच्या तिरडीला खांदा देताना हाच माणूस घड्याळ पाहत होता, टाकीतलं पाणी संपलं असेल म्हणून.

"तुले दिसलं नाई काय वं?" तो रागिणीवरच उखडला. "रोज तूच तं पानी भरे!"

त्याची खोड मोडली याचा तिला आनंद व्हायला हवा होता. तसं काहीच झालं नाही. बाबा फुकट गेले, एवढंच कळलं.

"कुलर तवाच बाबाले देऊन टाकला असता," ती म्हणाली, "तं दोनी वाचले असते."

किशोरने बाहीने नाक पुसलं.

"कोनते बाबा?"