चौथ्या पायरीवर

मी कीबोर्ड बोलतोय. पेटी नव्हे, बाजा नव्हे, कीबोर्ड! शिपाईकाका मला ‘विजेची पेटी’ म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. माझं वय जेमतेम आठवडाभराचं. एवढ्याशा वयात कसलं आलंय आत्मवृत्त, असं म्हणाल. पण माझ्या पोटात दोनशे आवाज आहेत, आणि ते काढायला कुणाला भाता हलवावा लागत नाही. तेव्हा ऐका.

सोमवारी सकाळी खोक्यातून डोकं बाहेर काढलं आणि वाटलं, पुन्हा आत जावं. शाळेची गाण्याची खोली म्हणे! जिन्याखालचा अंधारा कोंदट कप्पा तो. तिथे खेळाच्या फाटक्या गाद्या, तीन पायांचा बाक, मागच्या कुठल्याशा नाटकातला पुठ्ठ्याचा चंद्र, आणि कोपऱ्यात विटक्या कापडाखाली एक म्हातारी पेटी. मला तिच्याच शेजारी ठेवलं. रेशमी शालीला पायपुसण्याचा शेजार!

गाण्याच्या बाई आल्या त्या धापा टाकत. खांद्याला पिशवी, तीत खोकल्याच्या गोळ्या, सेफ्टीपिना आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी तपासायच्या वह्या. मला वाटलं, मला पाहून यांचे डोळे दिपतील. त्यांनी पदराच्या टोकानं माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, “ये बाबा. जागा कमी आहे, सांभाळून घे.”

पाठोपाठ मोठे सर. मुख्याध्यापकांना सगळी शाळा मोठे सर म्हणते, आणि ते स्वतःही तसंच समजतात.

“बाई, आता वाद्य जुनं आहे ही सबब नको. शनिवारी माजी विद्यार्थी येतायत. शाळागीत अगदी शुद्ध झालं पाहिजे.”

“हो, सर.”

“नाहीतर पुढच्या वर्षीपासून सरळ रेकॉर्ड लावू. गाण्याचे तास गणिताला देता येतील. गणिताचे सर कधीचे मागे लागलेत.”

बाईंनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

दुपारी मुलं आली. माझा पहिला तास! शाळागीताच्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘जाऊ’ असा शब्द आहे. त्यातला ‘ऊ’ चार सूर वर चढत जातो. बाई म्हणतात, चार पायऱ्या. पोरं पहिली चढली, दुसरी चढली, तिसरी चढली आणि चौथीवर सगळी चिडीचूप! मी आपला एकटाच वरच्या सुरावर, रिकाम्या मैदानात कुणाला तरी हाक मारत असल्यासारखा. पोरांनी “हं” असा मोठा श्वास घेतला आणि पुढची ओळ धरली.

“अरे, थांबलात का?”

“बाई, इथे थांबायचंच असतं.”

“कुणी सांगितलं?”

“माझी ताई असंच म्हणायची.”

“माझी आईपण, बाई. भांडी घासतानासुद्धा थांबते!”

शिपाईकाकांनी पेटीवरचं कापड काढलं, भाता मारला, त्याच चौथ्या सुराची पट्टी दाबली. फुस्स! नुसती हवा.

“मी नोकरीला लागलो तेव्हापासून ही पट्टी मुकी आहे,” काका म्हणाले. “पेटी इथे मुकी, म्हणून पोरंही मुकी. पेटी श्वास टाकते, पोरं श्वास घेतात.”

बाई त्या तीन पायांच्या बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. मग हसू ओसरलं. “म्हणजे मला शाळागीत मिळालं तेच खड्ड्यासकट, आणि मी तस्संच पुढे वाढलं की हो, काका.”

मी मनात म्हटलं, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी ही शाळा!

मग सुरू झाला बाईंचा आठवडा. मंगळवारी भूगोलाचे सर रजेवर. “बाईंना द्या तो वर्ग, गाण्याच्या बाई मोकळ्याच असतात.” मोकळ्या! त्या मोकळ्या बाईंनी नद्या शिकवल्या, मग सभागृहातले पडदे शिवले, मग स्वागताच्या मुलींच्या वेण्या घातल्या. बुधवारी सराव झाला, पोरं चौथ्या पायरीवर अशी किंचाळली, की शेजारच्या वर्गातून निरोप आला, “कुणाला लागलंय का?” गुरुवारी तास गणिताच्या सरांनी घेतला. घेतला म्हणजे उचललाच. “दोन उदाहरणं राहिलीत हो, बाई,” म्हणाले, आणि खडू घेऊन उभेसुद्धा राहिले.

बाई भांडतील, असं वाटलं होतं. त्यांनी मधल्या सुट्टीत पोरांना जिन्यात गोळा केलं. काकांनी मला उचलून दोन बाकांवर ठेवलं. आणि माझ्यासारख्या सुशिक्षित वाद्यासमोर बाईंनी काय चालवावं? पोरांना खरोखरचा जिना चढायला लावला! एक सूर, एक पायरी. तिसरीवर पाय आपोआप थबकायचे. बाई चौथीवर उभ्या राहून हात पुढे करायच्या. “या रे, इथे काही वाघ बसलेला नाही!” पोरं घामाघूम, बाईंच्या पदराला जिन्याची धूळ. पालथ्या घड्यावर पाणी, मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी सगळी पोरं चौथ्या पायरीवर पोचली. सूर असा लागला की मी क्षणभर टीका करायचीच विसरलो. बाईंचा घसा मात्र पार बसला होता. घरून सासूबाईंचा फोन आला, तर त्यांच्याशी नुसती कुजबुज. “हो आई, गरम पाणी घेतलं... नाही, रागावू नका... उद्यासाठी माझ्या वतीनं देवाला दोन शब्द सांगा. माझा आवाजच नाहीये.”

शनिवार. मी व्यासपीठावर, दिव्यांच्या झोतात. म्हटलं, आता खरी किंमत कळेल. खाली खुर्च्या गच्च भरलेल्या. टक्कल पडलेले, पोट सुटलेले माजी विद्यार्थी, कडेवर पोरं घेतलेल्या माजी विद्यार्थिनी, आणि अर्ध्याजणांच्या डोळ्यांपुढे मोबाइल. डोळ्यांनी बघायची गोष्ट काचेतून बघायची, ही माणसांची नवी तऱ्हा. मोठे सर माइकपाशी उभे राहिले. “सर्वांनी शाळागीत म्हणायचं आहे. शुद्ध.”

पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथीवर पोरांचा सूर लखकन लागला, आणि अख्खं सभागृह थांबलं. “हं!” शेकडो माणसांनी एकदम श्वास घेतला. सगळ्यात मोठा “हं” लाउडस्पीकरमधून आला. तो मोठ्या सरांचा होता! हे गृहस्थ याच शाळेत शिकले होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग काय विचारता! सभागृह पुढच्या ओळीवर, पोरं मागच्या सुरावर. कोण कुठे, कुणाचा कुणाला मेळ नाही. लोक हसायला लागले. पोरांच्या पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओठ मुडपून म्हणाली, “बाई, आमचं चुकलं?”

बाईंनी जोरजोरात मान हलवली. नाही. पोरांकडे बघून पुन्हा पहिला सूर धरला. एक, दोन, तीन... चौथ्या पट्टीवर त्यांचं बोट आलं. मी तयारच होतो. बोट खाली आलंच नाही. बाईंनी छाती भरून श्वास घेतला, पोरांनी पाहिलं आणि घेतला, सभागृहानं घेतला. पुढची ओळ एकदिलानं उठली, तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

भर सभेत माझा सूर गिळला गेला! पण खरं सांगायचं तर, ती ओळ एवढी मोठी का उठते, ते मला तेव्हा कळलं. आधी सगळ्यांच्या छातीत हवा भरलेली असते.

खाली उतरल्यावर मोठे सर घाम पुसत आले. “बाई, त्या चौथीवर...”

“सर, तुम्हीही थांबलात,” बाई कुजबुजल्या.

“मी? छे! म्हणजे... सवय हो.” त्यांनी घसा खाकरला. “गणितवाल्यांना सांगतो, तासांचं दुसरीकडे बघा म्हणून.”

आज पुन्हा सोमवार. मी त्याच जिन्याखाली, त्याच पेटीशेजारी, तिच्या कापडाचं एक टोक माझ्या अंगावर. पोरं जिन्यात चौथी पायरी चढतात, कारण आता येते. शाळागीतात मात्र थांबतात, कारण आवडतं. माझ्या त्या पट्टीवर बाईंनी कागदाचा कपटा चिकटवलाय: ‘इथे श्वास’.

माझी एकच विनंती आहे. काका, त्या म्हातारीला अडगळीत टाकू नका हो. माझ्या पोटात दोनशे आवाज आहेत. तिच्या फुस्ससारखा त्यांत एकही नाही. मी सगळे वाजवून बघितले.