रुखमाच्या गालांवरचा ताप

रुखमाला पाहून गेलेल्या पाहुण्यांनी निरोप धाडला होता: पोरगी चांगली आहे, पण फिकी दिसते. भर उन्हात धानाची रोवणी करणारी, सावळी, ठणठणीत रुखमा नेमकी कुठून फिकी, हे कोणी सांगितले नाही. पण मुलाकडच्यांचे म्हणणे खोटे कसे असेल? म्हणून पुढचे पाहुणे यायच्या आत तिच्या आईने, धुरपताने, चांदा शहरातल्या आपल्या भावजयीला, वच्छलाला, अहेरीकडच्या आपल्या गावी बोलावून घेतले.

वच्छलामामीचा नवरा चांद्याला कोर्टात चपराशी होता. त्यामुळे कायदा, औषधपाणी आणि रूपरंग या सगळ्यांत मामीचा शब्द शेवटचा. तिने पिशवीतून गोल डबी काढली.

"ही लाली हाय. चांद्यात मोठ्या घरच्या बाया हिच्याबिगर उंबरठा नाई ओलांडत."

"मंग वावरात कवा जातेत त्या?" रुखमाने विचारले.

"चूप बस. गाल इकडं कर."

मामीने हात राखला नाही. रुखमाने आरशात पाहिले, तर कोणीतरी दोन्ही गालांवर सारख्याच मायेने थपडा मारल्यासारखे दिसत होते. ती पुसायला गेली, तशी आईने हात धरला.

"मामी येवढ्या दुरून आली. तिचं मन नको मोडू."

मामीचे मन शाबूत राहिले. रुखमाच्या तोंडाचे काय व्हायचे ते झाले.

पाहुणे आले. मुलगा पत्रू हिवतापाच्या पथकात होता. घरोघरच्या भिंतींवर डीडीटी फवारायचा. त्याची आई आशाबाई त्याला चारचौघांत डॉक्टर म्हणायची आणि आईचा शब्द मोडणाऱ्यांतला पत्रू नव्हता.

रुखमा चहा घेऊन आली. आशाबाईने तिच्याकडे पाहिले आणि कप तसाच खाली ठेवला.

"पोरीले ताप हाय का?"

"नाई जी," धुरपता म्हणाली.

"नाई कशी? गाल पाहा न! पत्रू, तू सांग."

पत्रूने बसल्या जागेवरून डोळे बारीक करून रोग्याला तपासले. "हिवताप हाय. चढून राह्यला."

खरे सांगावे तर लालीची अब्रू जाणार. धुरपताने मामीकडे पाहिले. मामी कोर्टातल्या साक्षीदारासारखी ठामपणे म्हणाली, "हो जी, रातीपासून कणकण होती."

झाले. घरच्यांच्याच साक्षीने रुखमा आजारी ठरली. पत्रूने खिशातून हिवतापावरची कोयनेलची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. "चावू नका, गिळून टाका." आशाबाईच्या चेहऱ्यावर धन्यता मावेना.

रुखमाने बापाकडे पाहिले. लटारू छताच्या कौलांकडे बघत बसला होता, जणू कवेलू आजच बसवले होते. फिकी म्हणून घेतले, रंगवून घेतले, आता वर हे कडू विष गिळायचे? तिने गोळी बशीत ठेवली, पदराचे टोक पाण्याच्या गडव्यात बुडवले आणि एक गाल खसाखसा पुसला. पदर लाल झाला.

"पाहा, अर्धा ताप उतरला," ती म्हणाली. "दुसऱ्या गालाचा तुमच्या गोळीनं उतरते का?"

लटारू धोतर सावरत मागच्या दारी पळाला. त्याचे हसणे सगळ्यांना ऐकू येत होते. पत्रूचे कान मात्र कसलीही डबी न उघडता लाल झाले.

पाहुणे चहा न पिता उठले. "नाक कापलं माहं," म्हणत मामीही चांद्याला परतली.

बाजाराच्या दिवशी आशाबाईचा निरोप आला: पोरगी धीट आहे, आमच्या डॉक्टरला पसंत आहे. धुरपता देवापुढे दिवा लावायला धावली. लटारूने मात्र, आजवर कोणाला सुचले नव्हते ते केले. त्याने रुखमाला विचारले.

"तुले पसंत हाय का?"

"नाई, बाबा. हात न लावता ताप सांगते तो. उद्या माह्या लेकराले खरंच ताप आला, त दुरूनच डोळे बारीक करून पाहीन तो."

लटारूने मान हलवली आणि स्वतः जाऊन नकार सांगून आला. आता हिला बायको कोण करते, हे बघायला गाव मोकळेच होते. धुरपता तर लेकीशी बोलेनाशी झाली. मग धानाची कापणी लागली, आणि कापणीत रुसून चालत नाही.