आठवा गिअर

"शेठ, बंद करा गाडी. पुढं नेऊ नका," म्हणत पांडू मिस्त्री हात आडवा धरून गाडीसमोरच उभे राहिले.

अमृतभाईंनी इंजिन बंद केलं. घोलवडहून तलासरीपर्यंत येताना गाडीने तीनदा मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका दिला होता आणि शेवटचे पाच किलोमीटर ती एकाच गिअरमध्ये गुरगुरत आली होती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला होता.

मिस्त्री गाडीखाली गेले. गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट सैल करून त्यांनी थोडं ऑईल डबीत घेतलं. बाहेर येऊन उन्हात धरलं. काळंकुट्ट. नाकाजवळ नेलं, तर जळक्या लाकडासारखा वास.

आठ दिवसांपूर्वी याच गाडीचं ऑईल गळत होतं. मिस्त्रींनी तळाचं पॅकिंग बदललं होतं आणि आपल्या ड्रममधलं, तीस वर्षं प्रत्येक जीपला, टेम्पोला, ट्रॅक्टरला घातलेलं जाडसर गिअरऑईल भरून दिलं होतं. गाडी आठ गिअरची ऑटोमॅटिक होती, हे त्यांना माहीत होतं. तिचं ऑईल वेगळं, पाण्यासारखं पातळ असतं, हे माहीत नव्हतं.

"काय झालं?" अमृतभाईंनी विचारलं.

गिअरबॉक्स आधीपासूनच खराब असेल, असं म्हणता आलं असतं. गॅरेजमध्ये चहा पीत बसलेल्या दोघातिघांनी ते ऐकूनही घेतलं असतं, कारण तलासरीपासून उधव्यापर्यंत गिअरबॉक्सच्या बाबतीत पांडू मिस्त्रींच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे.

"मी बिघडवली," मिस्त्री म्हणाले. "चुकीचं ऑईल घातलं. आतल्या प्लेटा जळल्या."

अमृतभाई घोलवडच्या चिकूच्या वाडीवाले. त्यांच्या वडिलांची जीप मिस्त्रींनी पंधरा वर्षं चालती ठेवली होती. हंगामात पहाटे स्टेशनवर माल पोहोचायचा असे आणि त्या जीपने एकदाही दगा दिला नव्हता. त्यामुळे अमृतभाई ओरडले नाहीत, पण चेहरा उतरला.

"कंपनीवाले तर पूर्ण बॉक्सच बदलायला सांगतील. खोलणार पण नाय ते."

"मी खोलतो."

"तुम्हाला येतो?"

"नाय येत," मिस्त्री म्हणाले. "शिकून घेतो. मना टाइम द्या."

अमृतभाईंनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. "माझ्याकडे पिकअप आहे. ही इथंच राहू दे. तुम्ही बिघडवली ना, तर तुम्हीच बनवा."

एवढं बोलून ते हायवेवर जाऊन प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये बसले. मिस्त्रींना वाटलं, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

पांडू मिस्त्रींचं कागदावरचं नाव पांड्या. गाव उधवा. सातवीनंतर शाळा सुटली आणि हायवेवरच्या एका सरदारजींच्या गॅरेजमध्ये ते पाने-पकडी उचलून द्यायला लागले. तेव्हाच्या जीपला तीन गिअर होते. मग चारांचे आले, मग पाचांचे. प्रत्येक वेळी नवा बॉक्स आला की मिस्त्री तो गोणपाटावर उघडून एकेक चाक ओळीने मांडत आणि ती ओळ तोंडपाठ होईपर्यंत उठत नसत. पाच गिअर म्हणजे चाकांच्या पाच जोड्या. सहा म्हणजे सहा. वाढलं तरी गणित तेच होतं. आता छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्यासमोर एक बंद पेटी होती आणि ती कुठून उघडायची हेच त्यांना कळत नव्हतं.

वापीला जीवन नावाच्या एका मुलाचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं वर्कशॉप आहे, असं कुणीतरी सांगितलं. मुलगा म्हणजे एकोणतीस वर्षांचा, रानशेतचा. डहाणूला आयटीआय करून पुण्यात काही वर्षं काम केलेला. मिस्त्री सोमवारी सकाळी त्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

जीवनने त्यांना ओळखलं. "काका, तुम्ही? आमच्या बाबांच्या जीपचा बॉक्स तुम्हीच बांधलेला. या, बसा."

"बसायला नाय आलो. काम दे."

"तुम्हाला काय काम देऊ मी?"

"धुवायचं दे. पार्ट धुवून देतो. धुताना बघेन."

जीवनला वाटलं, गंमत करताहेत. पण मिस्त्रींनी पिशवीतून जुना खाकी शर्ट काढला, घातला आणि रॉकेलच्या ट्रेपुढे उकिडवे बसले. त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान कारागीर त्यांना "काका, जरा ती जाळी द्या," असं सांगू लागले आणि मिस्त्री उठून देऊ लागले. आठवड्यातले चार दिवस वापी, तीन दिवस तलासरीचं आपलं गॅरेज. असं पाच महिने चाललं.

तलासरीत बोलणारे बोललेच. "मिस्त्री म्हातारपणी शाळेत जातात," असं कुणी म्हणे. गॅरेजमागे ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी सगळ्यांना दिसत होती. मिस्त्री ऐकत आणि जीपचा क्लच बसवत राहत.

तिसऱ्या आठवड्यात जीवनने तसाच एक आठ गिअरचा बॉक्स स्टँडवर चढवला आणि आतला सगळा गाभा बाहेर काढला. मिस्त्री जवळ गेले, वाकले, पुन्हा पुन्हा मोजू लागले.

"अरे, हे तर चारच संच हायत. बाकीचे गिअर कुठं?"

जीवन हसला. "काका, एवढेच. मधे एक चाक, त्याच्याभोवती फिरणारी तीन-चार छोटी चाकं, बाहेरून दात्यांचं कडं. असे चार संच. आणि हे पाच क्लच-ब्रेक."

"मग आठ कसे होतात?"

"मधलं चाक धरून ठेवलं तर कड्याची चाल वेगळी. कडं धरलं तर मधल्याची वेगळी. दोघांना एकत्र बांधलं तर तिसरीच. पाचातले कुठलेही तीन धरायचे, दोन सोडायचे. कुठले तीन, त्यावर गिअर ठरतो."

मिस्त्रींनी एका हाताने मधलं चाक घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने कडं फिरवलं. छोटी चाकं स्वतःभोवती आणि मधल्या चाकाभोवती फिरत गेली. मग कडं धरून मधलं फिरवलं. दुपारची सुट्टी झाली, सगळे जेवायला गेले, तरी ते फिरवतच होते. जीवन परत आला तेव्हा मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं काका?"

"कुणी काढलं असंल रे हे? कसलं डोकं," मिस्त्री म्हणाले. "मी म्हणलो, आठ गिअर म्हणजे नुसती भर घातली असंल. यानं तर सामान कमी करून गिअर वाढवले."

त्या दिवशी परतल्यावर त्यांनी आपल्या गॅरेजच्या शटरच्या आतल्या बाजूला खडूने तक्ता काढला. आठ ओळी, पाच रकाने, प्रत्येक ओळीत तीन फुल्या. जाता-येता ते तो पुटपुटत. महिन्याभरात पुसून टाकला, कारण आता गरज उरली नव्हती.

घरी शुक्रीला, म्हणजे बायकोला, या सगळ्याचा राग नव्हता. तिला कोडं पडलं होतं. एका संध्याकाळी पडवीत तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "आपल्या जीपला चार गिअर होते. तरी माणसं भरून चढ चढायचीच ना? मग आठ कशाला?"

"चढायची, पण रडत," मिस्त्री म्हणाले. "तुझी विहीर आठव. आधी किती पायऱ्या होत्या?"

"चार. दगडाच्या. गुडघ्याएवढ्या."

"डोक्यावर हंडा घेऊन चढताना?"

"दम लागायचा. एकेक पाय टाकायला जोर काढावा लागायचा."

"मग पंचायतीनं नऊ केल्या. विहीर तेवढीच खोल हाय ना?"

"तेवढीच."

"मग दम का नाय लागत?"

शुक्रीचे हात थांबले. "पायरी छोटी झाली. चाल मोडत नाय."

"तेच. इंजिनाची पण एक चाल असते. त्या चालीत असलं की ते कमी खातं, कमी तापतं, धूर कमी टाकतं. गिअर लांब लांब असले की प्रत्येक बदलीला चाल मोडते. एकदम उड्या मारतं, एकदम दमतं. जवळ जवळ पायऱ्या दिल्या की ते आपलं चालत राहतं. आणि वरची पायरी अशी, की हायवेवर गाडी पळते पण इंजिन निवांत असतं."

"मग वीस का नाय करत?"

मिस्त्री हसले. हाच प्रश्न त्यांनी जीवनला विचारला होता. "प्रत्येक पायरीचा दगड वाहून न्यावा लागतो ना. वजन वाढतं, घासणं वाढतं. एका हद्दीनंतर फायदा उरत नाय. आणि हातानं एवढे बदलायचे म्हणलं तर ड्रायवरचा खांदा जायचा. आता ते कॉम्प्युटर बदलतो, म्हणून चाललंय."

शुक्रीने तांदळातला एक खडा काढून अंगणात टाकला. "म्हणजे ते आमच्या बायांसारखंच निघालं, इंजिन," ती म्हणाली.

पावसाळा उतरल्यावर मिस्त्रींनी अमृतभाईंचा बॉक्स खाली उतरवला. जीवनने मदतीला येतो म्हटलं, पण मिस्त्रींनी नको सांगितलं. जळालेल्या प्लेटा काढल्या, नव्या प्लेटा पातळ ऑईलमध्ये भिजवून ठेवल्या. ऑईलच्या बारीक वाटा असलेली जाळीदार पेटी त्यांनी तीन वेळा धुतली. एकेक सील, एकेक रिंग. सहा दिवस लागले. सातव्या दिवशी बॉक्स बंद झाला. त्यांनी अमृतभाईंना फोन केला, "उद्या दुपारी या. घेऊन जा."

फोन ठेवून त्यांनी सवयीने शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. फिरला. पुन्हा फिरवला. एका जागी बोटांना किंचित जड लागलं. पुन्हा फिरवला. कधी लागायचं, कधी नाही. शेजारच्या टायरवाल्याने फिरवून पाहिला, त्याला काहीच कळलं नाही. फोनवर जीवन म्हणाला, "काका, नव्या प्लेटा आहेत, थोडं जड असणारच. बसवून टाका."

मिस्त्री स्टुलावर बसून राहिले. गाडीत बसवला असता तर चाललाही असता. कदाचित महिनाभर, कदाचित वर्षभर.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "शेठ, उद्या नाय."

अमृतभाई म्हणाले, "मिस्त्री, घरच्यांना मी सांगून टाकलं आता."

"माफ करा. माझ्या हाताला बरोबर नाय लागत."

"किती दिवस?"

"खोलल्याशिवाय नाय सांगत."

सहा दिवसांची मांडणी त्यांनी दीड दिवसात उलटी उतरवली. तिसऱ्या संचाच्या खाली नखाएवढ्या जाडीचं एक सपाट बेअरिंग होतं. ते उलटं बसलं होतं. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच. फक्त एका काठाला केसाएवढी गोलाई. मिस्त्रींनी ते पुसलं, सरळ केलं आणि सगळा बॉक्स पुन्हा बांधायला घेतला. या वेळी शाफ्ट फिरवला तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. बोटांना कुठे काहीच लागलं नाही.

अमृतभाई नऊ दिवसांनी आले. स्टिअरिंगवर तेच बसले, मिस्त्री शेजारी. आधी उधव्याच्या रस्त्याला चढावर नेली. अमृतभाई वाट बघत होते, हिसका कधी बसतो याची. रस्ता वर जात होता, साग मागे पडत होते.

"बदलला का?"

"दोनदा बदलला," मिस्त्री म्हणाले.

"मला तर काय समजलाच नाय!"

"नायच समजायला पाहिजे."

तिथून वळून ते हायवेला लागले. ट्रकांची रांग संपली, रस्ता मोकळा झाला, तसा अमृतभाईंनी पाय दाबला. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी सुई वर गेली, थोडी उतरली, पुन्हा वर, पुन्हा उतरली. गिअर मोजताना मिस्त्रींची दोन्ही हातांची बोटं मांडीवर एकेक करून मिटत होती. एका क्षणी इंजिनाचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. फक्त टायरांची सरसर राहिली.

"आता कितवा?"

"आठवा," मिस्त्री म्हणाले. "हाच वरचा."

अमृतभाईंनी काही किलोमीटर गाडी तशीच जाऊ दिली. मग म्हणाले, "आमच्या घोलवडमध्ये अजून तिघांकडे अशाच गाड्या आहेत. त्यांना तुमचा नंबर देतो."

"द्या," मिस्त्री म्हणाले. "पण त्यांना सांगा, पहिली मी बिघडवली होती."

दिवाळीनंतर जीवनचा फोन आला. दहा गिअरचा पहिला बॉक्स त्याच्याकडे आला होता. त्यानेही अजून आतून पाहिलेला नव्हता. मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी वापीला पोहोचले. वर्कशॉपच्या मधोमध, स्वच्छ पुसलेल्या पत्र्यावर बॉक्स ठेवला होता. शेजारी जीवनने त्यांच्यासाठी ऑफिसातली गादीची खुर्ची आणून ठेवली होती. कारागीर भोवती उभे होते. मिस्त्रींना बघून ते बाजूला झाले.

मिस्त्रींनी खुर्ची उचलली आणि जीवनकडे सरकवली. "तू बस. बघून सांग, मी खोलतो," ते म्हणाले. मग त्यांनी चप्पल काढली, पत्र्यासमोर मांडी घातली आणि त्या थंड धातूवर दोन्ही तळवे टेकवून क्षणभर तसेच बसले.