इस्बेलचा भाऊ

मोरागच्या आईला, इस्बेलला, ग्लासगोच्या इस्पितळात धाप लागली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. गेल्या आठवड्यात तिने पहिल्यांदाच तोंड उघडलं. लहानपणी अनाथाश्रमात तिच्यासोबत एक धाकटा भाऊ होता, फर्गस मन्रो. "त्याचं पुढं काय झालं तेवढं कळू दे, मग मी मरायला मोकळी." सत्तर वर्षं बाई गप्प, आणि आता ही घाई. मोराग चरफडतच गाडी घेऊन निघाली.

आश्रमाचं गाव म्हणजे चर्चभोवतीची दगडी घरं. पूर्वी त्यांत आश्रमातली पोरं राहायची; ती कधीच गेली, आता तिथे पैसेवाले राहतात. तिने दुकानात नाव विचारलं तर दुकानदारीण म्हणाली, "आमचा फर्गस होय? कोपऱ्यावरच्या घरात बघा. आश्रमातला तो एकटाच उरलाय इथं."

मोरागने गाडी तिथेच सोडली. ती धावतच गेली.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि पाठ फिरवून बटाटे सोलायला बसला.

"मामा, आईकडे वेळ नाही. आत्ता चला."

"मामा म्हणू नकोस. भावंडं असलेलं पोर तेव्हा कुणी न्यायचं नाही, मागं लचांड नको म्हणून. मोटारीतून एक जोडपं आलं, मला पसंत केलं. तुझ्या आईला विचारलं, हा तुझा कोण? म्हणाली, कुणी नाही. मी तिचा फ्रॉक धरून उभा होतो."

"दहा वर्षांची होती हो ती. तुम्हाला घर मिळावं म्हणून म्हणाली."

"मिळालं की. अंथरूण ओलं करतो म्हणून थंडी पडायच्या आत परत आणून टाकलं. तोवर हिला दुसऱ्या आश्रमात धाडलेलं. कुठं, ते मला कुणी सांगितलं नाही."

मोरागला रडू आवरेना. तेवढ्यात फोन वाजला. नर्स म्हणाली, यायचं तर लगेच या. दोन तासांची वाट, पोचणार कशी?

"आईच्या कानाशी धरा," असं सांगून तिने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. "आई, फर्गस सापडलाय." मग ती म्हाताऱ्याकडे वळली. "शिव्या द्या हवं तर. पण बोला."

स्वयंपाकघरात फोनमधून आईची नुसती घरघर ऐकू येत होती.

"फर्गस? ती माणसं बरी होती का रे?"

सुरी थांबली. आता हा सगळं ओकणार, आणि याला अडवायचा आपल्याला काय हक्क, असं मोरागला वाटलं.

"चांगली होती गं," म्हातारा म्हणाला. "फार लाड केले. तट्टू घेऊन दिलं मला."

"बरं झालं बाई." बराच वेळ श्वास. मग, "मग एकदाही मला भेटायला का नाही आलास?"

त्याने सुरी खाली ठेवली.

"येतोय ना. हा बघ, निघालोच. बूट घालतोय."

तो खरंच उठला. मोरागने फोन कानाला लावला, नर्स सांगत होती ते ऐकलं आणि बंद केला. आई गेली, हे तिने त्याला सांगितलं नाही. तो खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता.